पुण्याच्या प्रवासाचे गाठोडे : काय न्यावे आणि ते कोणी वाहावे?

#धागा #इतिहास #पुणे

१/ पुण्याला जायचे तर सोबत काय घ्यावे? आज मोबाईलवर हवामानाचा अंदाज पाहिला की हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्याचे उत्तर पंचांग, घाट आणि जात या तिन्हींवर अवलंबून असे. पुण्याला येणाऱ्या तीन प्रवाशांची गाठोडी या धाग्यात उघडून पाहायची आहेत : श्रावणातला भिक्षुक, आषाढीचा वारकरी आणि पावसाळ्यापुरते बिऱ्हाड हलवणारे मुंबई सरकार. हवामान तिघांनाही सारखेच होते. ओझी मात्र सारखी नव्हती.

२/ आधी हवामान. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेच्या कुशीत वसले आहे. नैऋत्येकडून आलेले ढग आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर रिते करतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, लोणावळ्याला चार हजारांच्या वर, आणि तिथून अवघ्या पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातून निघालेला प्रवासी घाटात चिंब होई आणि पुण्यात रिमझिम पावसात शिरे.

३/ थंडी-उन्हाचेही असेच. पुण्याच्या नोंदींत ४३.३ अंशांचा उन्हाळा आहे आणि १.७ अंशांची थंडीही आहे. पण प्रवाशाला जाचतो तो एकाच दिवसातला फरक. पौषात पहाटे दहा-बारा अंशांत कुडकुडणारा माणूस दुपारी तीस अंशांच्या उन्हात अंगरखा काढून खांद्यावर टाकतो. चैत्रात दुपार भाजून काढते आणि सूर्य कलला की पश्चिमेचा वारा सुटतो. त्यामुळे महिना पाहून सामान बांधणाऱ्याची पुण्यात नेहमीच थोडी फजिती होते.

४/ पेशवाईत वर्षाची घडीही या ऋतुचक्रावर बसलेली होती. दसऱ्याला सीमोल्लंघन होई आणि फौजा मोहिमेवर निघत. पावसाळा आला की त्या छावणीला बसत किंवा घरी परतत. नद्यांना पूर, वाटा चिखलात, दारू ओली : अशा दिवसांत युद्ध चालत नसे. म्हणजे ज्या काळात प्रवास टाळावा, असे सारे सांगत, नेमक्या त्याच काळात पुणे शहर माणसांनी भरू लागे.

५/ या गर्दीत भर पडे ती श्रावणातल्या दक्षिणेची. ही प्रथा आधी तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढे पेशव्यांनी ती पुण्यात चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी ‘रमणा’ नावाचे आवार होते. कोकण, देश, कर्नाटक, तेलंगण, थेट काशीपासून विद्वान आणि भिक्षुक तिथे जमत. शास्त्री-पंडितांची योग्यता पाहून आणि सामान्य भिक्षुकांना सरसकट अशी दक्षिणा वाटली जाई. ती फक्त ब्राह्मणांसाठी होती आणि तिचा पैसा राज्याच्या तिजोरीतून येई.

६/ कोकणातला असा भिक्षुक आषाढाच्या अखेरीस घर सोडे. खांद्यावर पडशी : पुढे एक कप्पा, मागे एक कप्पा, म्हणजे भार दोन्हीकडे तोललेला. आत संध्येची पळी-पंचपात्री, तांब्या, गंधाची सहाण आणि बासनात गुंडाळलेली पोथी. ओल लागली तर शाई पसरे, म्हणून पोथीला मेणकापडाचे दुसरे वेष्टण. माणूस भिजला तरी चालेल, पोथी भिजता कामा नये. रमण्यात त्याची पत त्या पोथीवर ठरणार होती.

७/ त्याची सर्वांत मोठी अडचण पाऊस नव्हती, सोवळे ही होती. सुती सोवळे रोज धुवावे लागे आणि कुणाचा स्पर्श न होता वाळवावे लागे. श्रावणात ते वाळणार कसे? यावर परंपरेने तोड काढली होती. रेशमाला आणि लोकरीला सुताइतका विटाळ मानत नसत. म्हणून पावसाळ्यात धाबळी, म्हणजे लोकरीचे सोवळ्याचे वस्त्र, कामास येई. धर्मशास्त्रातली सवलत आणि कापडाचा गुणधर्म इथे एकमेकांना सोयीचे ठरले.

८/ शिदोरीतही तोच हिशेब. पाण्यात भिजवलेल्या पिठाची भाकरी दुसऱ्या दिवशी शिळी आणि विटाळाची. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी मात्र टिके आणि वाटेत खाण्यास चाले. सोबत भाजके पोहे, सातूचे पीठ आणि गुळाचा खडा. चूल पेटवायला सुकी लाकडे मिळतीलच याचा भरवसा नाही, हे गृहीत धरून बांधलेली ही शिदोरी. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘न शिजवता खाता येईल असे’ अन्न.

९/ पडशीत काय नसे, हेही पाहण्यासारखे आहे. जड अंथरूण नसे, मोठी भांडी नसत. पुण्यात कुण्या आप्ताच्या वाड्याची ओसरी, एखादे देवालय, एखाद्या सावकाराच्या घरचा शिधा यांवर त्याची भिस्त असे. ओळखीच्या माणसाची एक चिठ्ठी दोन शेर सामान वाचवी. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचे गाठोडे हलके.

१०/ आता याच रस्त्यावरचा दुसरा प्रवासी पाहा : पालखीतला सरदार. पालखी, छत्र, अबदागीर या वस्तू बाजारात पैसे टाकून घ्यायच्या नव्हत्या. ते सरकारातून मिळणारे मान होते. ऊन आणि पाऊस डोक्यावर कुणी झेलावा आणि कुणी झेलू नये, हे दरबार ठरवी. पालखीत बसलेल्याचे पाय कोरडे राहत. भोयांचे पाय चिखलात असत.

११/ आणि सामान? सरकारी कामाचे बाडबिस्तर अनेकदा वेठीने वाहिले जाई. एका गावाच्या शिवेपासून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत ओझे पोहोचवायचे, तिथे दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचे आणि परत यायचे. हे काम प्रामुख्याने महार वतनदारांच्या माथी येई. पेरणीचे दिवस असोत की मुसळधार पाऊस, हुकूम आला की उठावे लागे. ‘सोबत काय घ्यावे’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. ते स्वतः प्रवासाला निघालेलेच नव्हते. इतिहासात त्यांची पावले उमटली आहेत, ती दुसऱ्यांच्या सामानाखाली.

१२/ तिसरा प्रवासी वारकरी. परंपरेनुसार तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला. ज्ञानेश्वरांच्या पालखीचे आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घडवले. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्काम करतात. तेव्हा मृगाचा पाऊस नुकताच लागलेला असतो किंवा लागण्याच्या बेतात असतो. म्हणजे एकाच वारीत ऊनही आहे, पाऊसही आहे आणि उघड्यावरची ओली रात्रही आहे.

१३/ वारकऱ्याची यादी छोटी : टाळ, पताका, तुळशीची माळ, गोपीचंदन, अंगावरचा एक जोड, झोळीतला दुसरा जोड आणि घोंगडी. दिंडीचे जड सामान पूर्वी बैलगाड्यांवर असे, आज ट्रकमध्ये असते. पण अंगाबरोबरचे ओझे ज्याचे त्याने वाहायचे. पुण्याच्या मुक्कामात कपडे धुवून घ्यायचे, तुटलेल्या वहाणा शिवून घ्यायच्या आणि दिवे घाट चढायला सिद्ध व्हायचे. वारकऱ्यांचे पाय चेपणारे आणि वहाणा शिवून देणारे पुणेकर हा या मुक्कामाचा आजही एक भाग आहे.

१४/ या यादीतली घोंगडी थोडा वेळ थांबून पाहण्याजोगी आहे. दख्खनी मेंढीची लोकर, धनगरांची कातण, सणगरांचा माग आणि वर चिंचोक्याची खळ. खळीमुळे विणीला ताठरपणा येतो. लोकर भिजली तरी ऊब एकदम सोडत नाही, कारण तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि तिचा अंगचा तेलकटपणा पाणी काही काळ थोपवतो. सुती कापड ओले झाले की अंगाला चिकटते आणि उलट थंडी वाढवते.

१५/ म्हणून हे एकच वस्त्र तीन ऋतूंना पुरे. पावसात डोक्यावर खोळ, हिवाळ्यात पांघरूण, उन्हाळ्यात दोन काठ्यांवर टाकले की सावली, कुठेही खाली पसरले की बिछाना. ज्याचे ओझे वाहायला दुसरा कुणी नाही, त्याला अशीच वस्तू लागते. मेंढपाळ, शेतकरी, वारकरी या सर्वांच्या खांद्यावर घोंगडी दिसते. तिच्यामागे कवित्व शोधण्याची गरज नाही. तीन वस्तू वाहण्यापेक्षा एक वाहणे सोपे असते.

१६/ याच्या अगदी उलट टोकाला मुंबई सरकार. इंग्रज अधिकाऱ्यांना मुंबईचा उन्हाळा सोसेना आणि पावसाळाही सोसेना. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत महाबळेश्वरचे ठाणे वसले. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नरांचा बंगला झाला. पुढे रिवाजच पडला : हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. वारकऱ्याने तीन ऋतूंसाठी एक घोंगडी ठेवली होती. सरकारने तीन ऋतूंसाठी तीन मुक्कामाची शहरे ठेवली.

१७/ १८६४ ते १८७१ या काळात गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी नवा प्रासाद उभा राहिला, तो सर बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकाराने. त्याच्या खर्चावर तेव्हाच टीका झाली. जून लागला की गव्हर्नर, सचिव, कारकून, शिपाई आणि दप्तरे पुण्याकडे येत. ऑक्टोबरात पुन्हा बांधाबांध होई. प्रांतातल्या कुणा अर्जदाराचे ‘भिजत घोंगडे’ या काळात मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला हिंडत असेल, तर त्यात नवल नव्हते.

१८/ हा सारा लवाजमा घाट चढे कसा? खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली. मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आले होते. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत पालखी, तट्टू, गाडी किंवा स्वतःच्या पायांनी पार करावा लागे. गाडीतून उतरायचे, सामान हमालांच्या डोक्यावर द्यायचे, घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. घाटातली रेल्वे बांधताना हजारो मजूर राबले आणि त्यांतले कित्येक पटकीसारख्या साथींनी दगावले.

१९/ रेल्वे आली आणि गाठोड्याचे रूप बदलले. पडशीच्या जागी पत्र्याची ट्रंक आली, वळकटीसाठी होल्डॉल आला, सांडू नये म्हणून फिरकीचा तांब्या आला. चार दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, तशी शिदोरी आटली आणि कपडे वाढले. पण एक गोष्ट टिकली. तिकिटाच्या वर्गाप्रमाणे मोफत सामानाची मर्यादा ठरे. वरच्या वर्गाच्या प्रवाशाला अधिक सामान नेण्याची मुभा होती. छत्र-अबदागिरीचा मान दरबाराने द्यायचा काळ गेला आणि तिकिटाच्या खिडकीवर दर्जा विकत मिळू लागला.

२०/ १८९७ साली पुण्यात गाठोडे हीच संशयाची वस्तू झाली. प्लेगची साथ होती. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. प्लेग कमिशनर वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरे तपासली. अंथरुणे-पांघरुणे बाहेर काढली, कित्येकांची जाळली. ज्याच्याजवळ दुसरे पांघरूण नव्हते, त्याच्या दृष्टीने ती केवळ स्वच्छतेची मोहीम नव्हती.

२१/ त्याच वर्षी २२ जूनला, ऐन पावसाळी मुक्कामात, गणेशखिंडीच्या प्रासादात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता. समारंभाहून परतताना रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. सरकार पुण्यात मुक्कामाला येई ते हवा सुखाची म्हणून. त्या वर्षी हवा तीच होती, पण शहर शांत राहिले नव्हते.

२२/ त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसरच्या बाजूला रुग्णसेवा करत होते. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. गणेशखिंडीचा तो प्रासाद आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे.

२३/ १९२८ हे वर्षही या कथेत महत्त्वाचे. त्या वर्षी भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि चौकाला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले, पण पुण्यातले कार्यालय राहिले. कोणत्या दिवशी छत्री न्यावी, हे सांगणारे खाते स्वतःच आपले दप्तर आणि उपकरणे बांधून या गावी आले होते.

२४/ त्याच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. वतनदाराच्या कामाला ठरलेली वेळ नाही, कामाची ठरलेली यादी नाही, तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला राबवले जाते आणि मोबदला तुटपुंजा, ही त्यांची तक्रार होती. याच मंडळाची पावसाळी अधिवेशने पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असत. सरकारला डोंगर चढवणारी माणसे आता सभागृहातल्या चर्चेचा विषय झाली होती. १९२९ साली विधेयक मागे घ्यावे लागले. ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

२५/ १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली आणि घाट म्हणजे खिडकीतून पाहायचे दृश्य झाले. हमाल मात्र स्थानकावर आणि बाजारपेठांत होतेच. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी त्यांची हमाल पंचायत उभारली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मजुरी, विमा, भविष्यनिर्वाह निधी हे शब्द प्रथमच पाठीवरच्या ओझ्याशी कायद्याने जोडले गेले. शिवेपासून शिवेपर्यंतच्या वेठीकडून इथवर यायला फार मोठा काळ लागला.

२६/ मग आज पुण्याला येणाऱ्याने काय घ्यावे? जुन्या प्रवाशांचे शहाणपण अजून उपयोगी आहे.
• जून ते सप्टेंबर : लवकर वाळणारे कपडे, छत्री, कागद आणि मोबाईलसाठी मेणकापडाच्या जागी प्लास्टिकची पिशवी. लोणावळ्याचा पाऊस पाहून पुण्याचा अंदाज बांधू नये.
• नोव्हेंबर ते फेब्रुवारी : दुपारसाठी सुती, पहाटेसाठी लोकरीचे एक वस्त्र.
• मार्च ते मे : टोपी किंवा उपरणे, पाण्याची बाटली आणि वळवाच्या सरीसाठी छत्री.
• बारा महिने : आपल्याला उचलता येईल इतकेच.

२७/ शेवटची सूचना इतिहासातून येते. प्रवासाच्या याद्यांत वस्तू असतात, त्या वाहणारी माणसे नसतात. भिक्षुकाच्या पडशीची, सरदाराच्या पालखीची, सरकारी दप्तरांची कथा वाचताना प्रत्येक ठिकाणी विचारावे : हे कुणी उचलले, किती लांब नेले आणि त्याला काय मिळाले? कागदपत्रांत याचे उत्तर बहुधा एखाद्या ओळीत, खर्चाच्या हिशेबात किंवा समासात सापडते. तिथे नजर थांबवावी.

२८/ घरात माळ्यावर जुनी पडशी, फिरकीचा तांब्या, पत्र्याची ट्रंक किंवा आजोबांची घोंगडी असेल, तर ती टाकून देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : ही घेऊन कोण, कोणत्या महिन्यात, कुठे गेले होते? आणि ती उचलली कुणी होती? उत्तर मिळाले तर ते लिहून ठेवावे. माहीत असलेले माणूस गेले की वस्तू उरते, पण तिची वाट हरवते.